घरची चित्रफीत आणि तिची तीन खाती

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

आजचे युग हे चित्राचे युग आहे असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. पूर्वी घरात बारसे, मुंज किंवा लग्न निघाले म्हणजे फोटोग्राफरला बोलावून सर्वांचा मिळून एक फोटो काढीत आणि तो चौकटीत घालून भिंतीवर लावीत. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. बाळाने पहिले पाऊल टाकले की पाच मिनिटांत ते परगावच्या आत्याला आणि परदेशातल्या काकांना दिसते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु मोबाईलवर 'अपलोड' हा शब्द दाबताना आपण नेमके काय करीत आहोत याचा विचार फारच थोडे लोक करतात.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवली जाते. व्यवहार घडला की तो कोणत्या खात्यात नोंदवायचा हे आधी ठरवावे. खाते चुकले तरी तेरीज जुळते, पण हिशेब चुकलेलाच असतो. घरच्या चित्रफितीचेही असेच आहे. तिची तीन खाती आहेत. एक, ती जतन करणे. दोन, ती आपल्या माणसांना दाखवणे. आणि तीन, ती प्रसिद्ध करणे. इंटरनेटवर ही तिन्ही कामे एकाच बटणाने होत असल्यामुळे ती एकच आहेत असे आपल्याला वाटू लागले आहे. वस्तुतः ती तीन निरनिराळी कामे आहेत. प्रत्येकाची रीत वेगळी, खर्च वेगळा आणि धोकाही वेगळा आहे. प्रस्तुत लेखात हा फरक उदाहरणांसह समजावून देण्याचा प्रयत्न केला आहे.

थोडा पूर्वेतिहास

घरच्या चित्रफितीचा जन्म आणि सिनेमाचा जन्म एकाच दिवशीचा मानावा लागेल. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिस येथे ल्युमिएर बंधूंनी पैसे घेऊन चलच्चित्रांचा आपला पहिला खेळ केला. त्यातील दहा लघुपटांपैकी एकात ऑग्युस्त ल्युमिएर व त्यांची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीला भरवीत आहेत, एवढेच दृश्य होते. म्हणजे जगाने पाहिलेल्या पहिल्या चित्रपटांत एका घरातले बाळ होते.

आपल्याकडे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी परदेशाहून कॅमेरा मागवून १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती टिपली. केंब्रिजहून रँग्लर होऊन आलेल्या र. पु. परांजपे यांचे १९०१ सालचे स्वागतही त्यांनीच टिपले. पुढे दादासाहेब फाळके यांनी तर आपले घरच पडद्यावर आणले. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मध्ये त्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला आणि 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. परंतु त्या काळी एक-एक फूट फिल्मला पैसा पडत असे. काय टिपावे आणि काय लोकांपुढे मांडावे याचा विचार केल्यावाचून गत्यंतर नव्हते. खर्च हाच त्या वेळी पहारेकरी होता.

१९७६ मध्ये जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस कॅसेट बाजारात आणली. भारतात १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली आणि मागोमाग व्हिडिओही घरोघर पोचू लागला. पाहता पाहता लग्नाच्या यादीत भटजी, आचारी, बँडवाला यांच्या जोडीला 'शूटिंगवाला' दाखल झाला. तरीही कॅसेट कपाटात राहत असे. ती पाहायची तर घरी यावे लागे, आणि घरी येणाराला यजमान ओळखत असे.

हा पहारा २००५ साली उठला. २३ एप्रिल २००५ रोजी जावेद करीम या यूट्यूबच्या एका संस्थापकाने प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभे राहून घेतलेली १९ सेकंदांची चित्रफीत यूट्यूबवर चढवली. ही त्या स्थळावरील पहिली चित्रफीत. पुढच्याच वर्षी गूगलने १६५ कोटी डॉलरना यूट्यूब विकत घेतले. २००८ मध्ये यूट्यूबची भारतीय आवृत्ती निघाली आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा इतका स्वस्त झाला की खेड्यापाड्यांतूनही चित्रफिती वर चढू लागल्या. प्रसिद्धीचा खर्च शून्यावर आला, आणि त्याबरोबर विचारही सुटला.

बालाघाटची एक कॅसेट

ही तीन खाती समजण्यासाठी एका कॅसेटचे उदाहरण घेऊ. माझे आजोळ मध्य प्रदेशातील बालाघाट. वैनगंगेच्या काठचे हे गाव, महाराष्ट्रातील गोंदियापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर. १ नोव्हेंबर १९५६ या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर, भंडारा हे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. आपल्या सीमाभागातील वाचकांना ही तारीख वेगळी सांगायला नको, कारण त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात आले. राज्याची रेषा बदलली म्हणून सोयरिकी बदलत नाहीत. बालाघाटच्या मराठी घरांचे नातलग आजही गोंदिया, नागपूर, जबलपूर असे विखुरलेले आहेत. आमचे तर थेट बेळगावपर्यंत आहेत. अशा घरांना चित्रफीत ही चैन नसून भेटीची सोय असते.

माझ्या मावशीचे लग्न १९९६ साली बालाघाटला झाले. त्याची तीन तासांची एक व्हीएचएस कॅसेट आजीच्या लोखंडी कपाटात होती. तीत तीन गोष्टी आहेत. पहिली, वऱ्हाड जबलपूरहून नैनपूरमार्गे 'छोट्या लाईन'च्या गाडीने बालाघाट स्टेशनात उतरते, ते दृश्य. दुसरी, हळद, सीमांतपूजन आणि पंगती. त्यात हळदीच्या वेळी शेजारपाजारच्या बायका फेर धरून नाचत आहेत. तिसरी, आजोबा हात जोडून पाहुण्यांशी चार वाक्ये बोलतात, ते. आजोबांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

गेल्या दिवाळीत ही कॅसेट बाहेर निघाली तेव्हा मामा म्हणाले, "सगळीच यूट्यूबवर टाकून देऊ, म्हणजे राहील कायमची आणि सगळ्यांना दिसेलही." आजी लगेच म्हणाली, "अरे, पण त्या नाचणाऱ्या बायांना विचारलं का?" मामांच्या एका वाक्यात तिन्ही खाती एकत्र झाली होती आणि आजीच्या प्रश्नाने ती वेगळी झाली. आता त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिले खाते : जतन

कॅसेटमधील फीत म्हणजे प्लास्टिकची पट्टी व तिच्यावर चुंबकीय कणांचा थर. काळ जाईल तसे हे चुंबकत्व क्षीण होते, थर सुटू लागतो आणि दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. त्यात ती चालवणारे यंत्रही दुर्मिळ झाले आहे. फुनाई ही व्हीसीआर बनवणारी जगातील शेवटची मोठी कंपनी. तिने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले. म्हणून ज्यांच्या घरी कॅसेट आहेत त्यांनी आणखी वाट पाहण्यात अर्थ नाही.

रीत अशी. चालू स्थितीतला व्हीसीआर मिळवावा व त्याचे हेड साफ करून घ्यावे. बुरशी दिसत असेल तर कॅसेट आत घालू नये. फीत तुटते आणि यंत्रही बिघडते. अशी कॅसेट हे काम करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी. चांगली कॅसेट असेल तर व्हीसीआरची पिवळ्या, पांढऱ्या व लाल पिनची वायर एका छोट्या 'कॅप्चर' उपकरणाला जोडतात आणि ते उपकरण संगणकाला. पिवळी पिन चित्राची, उरलेल्या दोन आवाजाच्या. कॅसेट जेवढ्या तासांची तेवढेच तास ती चालवावी लागते. यात जवळची वाट नाही.

आता हिशेब पाहू. कॅसेटवरील चित्र सेकंदाला ४ मेगाबिट या दराने साठवले असे धरू. तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद. १०,८०० गुणिले ४ म्हणजे ४३,२०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागता ५,४०० मेगाबाइट, अर्थात ५.४ जीबी. गूगलच्या खात्यात फुकट जागा मिळते १५ जीबी, आणि १ जून २०२१ पासून ईमेल, फोटो व इतर कागदपत्रे या सर्वांची मिळून ती एकच आहे. म्हणजे अशा दोन कॅसेट मावतात, तिसरी मावत नाही. उलट पाचशे जीबीच्या एका हार्ड डिस्कवर अशा नव्वदहून अधिक कॅसेट बसतात.

'यूट्यूबवर टाकली म्हणजे राहिली' हा समज चुकीचा आहे. एक तर पाहणाऱ्यापर्यंत जाते ती मूळ प्रत नसते, पुन्हा दाबून लहान केलेली असते. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या चित्रफितीचेही तेच. दुसरे असे की, दुकान दुसऱ्याचे आहे आणि ते कधी बंद होईल हे आपल्या हाती नाही. गूगलचे स्वतःचे 'गूगल व्हिडिओ' नावाचे स्थळ २००५ साली निघाले, २००९ मध्ये तेथे नव्या चित्रफिती घेणे थांबले आणि २०१२ मध्ये ते बंद झाले. भारतात एके काळी घराघरांत चाललेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. शिवाय खाते चोरीला जाण्याचाही धोका असतो. नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) सारोळा कासार येथील सुमन धामणे या आजी 'आपली आजी' या वाहिनीवरून घरगुती पाककृती दाखवतात. २०२० च्या ऑक्टोबरात त्यांची वाहिनी कोणी तरी हॅक केली होती. ती काही दिवसांनी परत मिळाली. लाखो प्रेक्षक असलेल्यांची ही गत, तर तुमच्या-आमच्या खात्याची दखल कोण घेणार?

तेव्हा जतनाचा नियम असा : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. आमच्या कॅसेटची एक प्रत मामांच्या संगणकात, एक हार्ड डिस्कवर आजीच्या कपाटात आणि एक बेळगावला आमच्याकडे आहे. मूळ कॅसेटही टाकून दिलेली नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, तिन्ही प्रती उघडून पाहायच्या असे ठरले आहे.

दुसरे खाते : दाखवणे

दाखवणे म्हणजे ठरावीक माणसांना पाहू देणे. यासाठी यूट्यूबवर तीन पर्याय असतात आणि त्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. 'पब्लिक' म्हणजे गावच्या चौकातील फळा; येणारा-जाणारा कोणीही वाचील. 'अनलिस्टेड' म्हणजे हातात दिलेली चिठ्ठी. ती शोधून सापडत नाही, पण ज्याच्या हाती पडली तो ती पुढे देऊ शकतो. 'प्रायव्हेट' म्हणजे नाव घेऊन घरी बोलावणे. ज्यांचे ईमेल आपण लिहून दिले त्यांनाच दिसते. अनेकांना अनलिस्टेड म्हणजे गुप्त असे वाटते. ते खरे नाही. दीडशे माणसांच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात लिंक टाकली की ती चौकात गेलीच असे समजावे.

दाखवण्यासाठी संपूर्ण कॅसेट चढवण्याची गरज नसते. आपल्या ५.४ जीबीच्या चित्रफितीचे पुन्हा गणित करू. वर पाठवण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल तर ४३,२०० भागिले २, म्हणजे २१,६०० सेकंद, अर्थात पूर्ण सहा तास लागतील. इंटरनेटची जाहिरात खाली उतरवण्याच्या वेगाची असते आणि वर चढवण्याचा वेग बहुधा त्याहून कमी असतो, हे येथे लक्षात ठेवावे. त्याऐवजी निवडक दहा मिनिटे काढली तर ती ३०० मेगाबाइट होतात आणि वीस मिनिटांत वर जातात. नातेवाईकही तीन तास पाहत नाहीत. दहा मिनिटे मात्र दहा वेळा पाहतात. यूट्यूबवर खात्याची फोनवरून पडताळणी केली नसेल तर पंधरा मिनिटांपेक्षा मोठी चित्रफीत चढत नाही, हीही एक गोष्ट ध्यानात असावी.

दाखवता दाखवता प्रसिद्धी कशी होते याचे जगातील सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडमधील आहे. २००७ साली एका वडिलांनी आपल्या दोन लहान मुलांची मिनिटभराचीही नसलेली चित्रफीत यूट्यूबवर ठेवली. धाकटा थोरल्याचे बोट चावतो, एवढाच तिचा विषय. ईमेलने जाईना इतकी ती मोठी होती आणि मुलांच्या अमेरिकेतील धर्मपित्याला ती दाखवायची होती, म्हणून ती तेथे ठेवली. ती कोट्यवधी लोकांनी पाहिली. २०२१ मध्ये तिचे डिजिटल स्वामित्व लिलावात ७,६०,९९९ डॉलरना विकले गेले. त्या घराचे भले झाले हे खरे. पण दाखवायचे होते एकाला आणि पाहिले साऱ्या जगाने, हा त्यातला धडा विसरता कामा नये.

तिसरे खाते : प्रसिद्धी

प्रसिद्धी वाईटच असे म्हणणे नाही. आमच्या कॅसेटमधील पहिले दृश्य घ्या. बालाघाट–नैनपूर–जबलपूर ही अडीच फुटी लहान लाईन सातपुड्याच्या जंगलातून विसाव्या शतकाच्या आरंभापासून धावत होती. २०१५ मध्ये ती बंद होऊन पुढे तेथे ब्रॉडगेज झाली. आज ती गाडी पाहायची असेल तर प्रवाशांनी व रेल्वेची आवड असलेल्यांनी सहज म्हणून घेतलेल्या आणि यूट्यूबवर ठेवलेल्या चित्रफितीच पाहाव्या लागतात. कोणी आपल्या मुलाला खिडकीत बसवून शूटिंग केले, त्यात मागे स्टेशनची पाटी आली, फलाटावरचा चहावाला आला. घरच्यांसाठी घेतलेले चित्र गावाचा इतिहास झाले. अशी चित्रे कपाटात ठेवणे हा गावावर अन्याय होईल.

म्हणून आम्ही त्या स्टेशनच्या दृश्याचे सव्वा मिनिट सर्वांसाठी खुले केले. शीर्षकात गाव, वर्ष आणि गाडीचा मार्ग लिहिला. माणसांची नावे लिहिली नाहीत. तारीख व ठिकाण न लिहिलेली चित्रफीत म्हणजे पावती नसलेली जमा. पुढे तिचा कोणालाच उपयोग होत नाही.

पैशाचाही विचार करू, कारण 'टाका यूट्यूबवर, पैसे मिळतील' हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येते. जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी एक हजार वर्गणीदार आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहिले जाणे ही अट असते (किंवा लघुचित्रफिती नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिल्या जाव्या लागतात). ती पुरी झाल्यावर मोठ्या चित्रफितींच्या जाहिरात उत्पन्नाचे ५५ टक्के चित्रफीत करणाऱ्याला मिळतात. आता आपल्या दहा मिनिटांच्या लग्नाच्या चित्रफितीचा ताळा घेऊ. साठ नातेवाईकांनी ती प्रत्येकी पाच वेळा पूर्ण पाहिली तर ६० गुणिले ५ गुणिले १०, म्हणजे ३,००० मिनिटे, अर्थात फक्त ५० तास होतात. हवे आहेत ४,०००. तात्पर्य, घरची चित्रफीत हा धंदा होऊ शकत नाही. धंदा करायचा तर सारोळा कासारच्या आजींप्रमाणे सातत्याने, लोकांच्या उपयोगाचे आणि स्वतःच्या इच्छेने काही तरी केले पाहिजे. त्या आजी स्वतः कॅमेऱ्यापुढे उभ्या राहतात. नकळत टिपल्या गेलेल्या कोणाची गोष्ट तशी नसते.

ज्यांना विचारले नाही त्यांचे काय?

आता आपण आजीच्या प्रश्नाकडे येऊ. हळदीत नाचणाऱ्या त्या बायका आज साठी-सत्तरीच्या आहेत. त्या नाचल्या त्या मांडवातल्या माणसांपुढे. त्यांपैकी दोघींना मामींनी फोन केला. एक हसून म्हणाली, "टाका की, माझ्या नातीला दाखवीन." दुसरी म्हणाली, "नको गं, आता ते हयात नाहीत, लोक काय म्हणतील." दोन्ही उत्तरे बरोबरच आहेत. ज्याचे चित्र त्याचा शब्द. त्यामुळे तो भाग दहा मिनिटांच्या प्रतीतूनही वगळला. जतनाच्या प्रतीत मात्र तो तसाच आहे.

येथे सारेच एवढे सरळ होत नाही. गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या लग्नात एका शूटिंगवाल्याने हळदीची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत स्वतःच्या जाहिरातीसाठी सर्वांना दिसेल अशी लावली. तिला विचारले नव्हते. सांगितल्यावर त्याने ती काढली, पण तोवर ती अनेकांच्या फोनमध्ये उतरली होती. तिला नोकरीच्या ठिकाणी त्याबद्दल चेष्टा ऐकावी लागली. म्हणून शूटिंग ठरवताना दराबरोबरच 'आमच्या लेखी परवानगीवाचून कोठेही प्रसिद्ध करणार नाही' ही अट पावतीवर लिहून घ्यावी. व्यवहारात तोंडी अट टिकत नाही.

मुलांचा प्रश्न तर याहून नाजूक. २०१९ साली ब्राझीलमधील एका दहा वर्षांच्या मुलीने घरामागच्या पोहण्याच्या टाक्यात मैत्रिणीबरोबर खेळतानाची चित्रफीत यूट्यूबवर ठेवली. काही दिवसांत ती चार लाख वेळा पाहिली गेली. यूट्यूबचे यंत्र ती आपण होऊन अशा लोकांपुढे नेऊन ठेवीत होते ज्यांची नजर चांगली नव्हती, हे अमेरिकन वृत्तपत्राने त्या वर्षी उघडकीस आणले. त्याच वर्षी यूट्यूबने लहान मुलांच्या बहुतेक चित्रफितींखालील अभिप्राय बंद केले. तेव्हा आंघोळ घालतानाची, उघड्या अंगाची, शाळेचा गणवेश किंवा घराचा पत्ता दिसणारी मुलांची चित्रफीत चौकात लावू नये, हे उघड आहे. आणि मूल मोठे झाल्यावर त्याला स्वतःला काय वाटेल, हाही विचार आपणच आज करायचा आहे.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमाप्रमाणे कोणाच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्र संमतीवाचून टिपणे किंवा प्रसृत करणे हा तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशा शिक्षेचा गुन्हा आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला मूल मानून पालकांची संमती आवश्यक केली आहे. परंतु व्यक्तीने घरगुती कामासाठी केलेला वापर त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. म्हणजे घरातला व्यवहार कायद्याने घरच्यांच्या शहाणपणावर सोपवला आहे. म्हणूनच आपली जबाबदारी वाढते.

गाण्यांचा प्रश्न

लग्नाच्या चित्रफितीत सिनेमाची गाणी असायचीच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक समारंभात गाणे वाजवण्यास सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी संबंधित समारंभ त्यातच धरले आहेत. पण ही सूट मांडवात वाजवण्याला आहे. तीच चित्रफीत वर चढवली की प्रश्न वेगळा होतो. यूट्यूबचे 'कंटेंट आयडी' नावाचे यंत्र गाणे ओळखते. मग कधी आवाज बंद होतो, कधी जाहिरातीचे उत्पन्न गाण्याच्या मालकाकडे जाते, कधी चित्रफीतच अडते.

याबाबत अमेरिकेतील लेंझ विरुद्ध युनिव्हर्सल हा खटला प्रसिद्ध आहे. २००७ साली एका आईने स्वयंपाकघरात नाचणाऱ्या आपल्या बाळाची २९ सेकंदांची चित्रफीत ठेवली. मागे प्रिन्स या गायकाचे गाणे अस्पष्ट वाजत होते. कंपनीने ती काढायला लावली आणि आईने दावा लावला. २०१५ साली अपील न्यायालयाने सांगितले की, काढायला लावण्यापूर्वी वापर न्याय्य आहे की नाही हे कंपनीने पाहिले पाहिजे. तत्त्व मान्य झाले, पण २९ सेकंदांसाठी आठ वर्षे लागली. आपण सामान्य माणसांनी गाण्याचा भाग गाळावा, हेच सोयीचे. आमच्या कॅसेटमध्ये बँडचा आवाज काढला आणि आजोबांचा आवाज राखला.

उपसंहार

सर्व विवेचनाचा सारांश असा. चित्रफीत हाती आली की प्रथम तिच्या तीन प्रती कराव्यात, हे जतन. नंतर निवडक भाग मोजक्या माणसांना नावानिशी दाखवावा, हे दाखवणे. ज्याचा समाजाला उपयोग आहे आणि ज्यात कोणाच्या मनाला लागण्यासारखे काही नाही, तेवढेच गाव व वर्ष लिहून खुले करावे, ही प्रसिद्धी. कोणत्या खात्यात टाकावे याची शंका आली तर वरच्या खात्यात ठेवावे. जतन केलेले उद्या प्रसिद्ध करता येते. प्रसिद्ध केलेले परत कपाटात ठेवता येत नाही.

या मासिकाचे वाचक दोन भाषांत वावरणारे आहेत, म्हणून शेवटी एका कन्नड शब्दाची आठवण देतो. कन्नडमध्ये 'केळु' या एकाच क्रियापदाचा अर्थ 'विचारणे' असाही होतो आणि 'ऐकणे' असाही. विचारायचे ते उत्तर ऐकून घेण्यासाठी, हे त्या भाषेने एका शब्दात बसवले आहे. येत्या सुटीत घरोघरची कपाटे उघडतील, जुन्या कॅसेट निघतील, नवी लग्ने होतील. विद्यार्थी मित्रांनो, घरात हे तंत्र सर्वांत जास्त आपल्याला येते; म्हणून बटण दाबण्याचे काम आपल्याकडेच येणार आहे. ते दाबण्यापूर्वी चित्रातल्या माणसाला विचारण्याचे आणि तो काय म्हणतो ते ऐकण्याचे कामही आपलेच आहे.